आमचा मानूस

मराठीतला 'नवरा' हा शब्द मोठा भाग्यवान आहे. व्युत्पत्ती सांगणारे पंडित म्हणतात, तो 'नववर' या शब्दापासून झाला. म्हणजे नवा वर, नुकताच बोहल्यावर चढलेला. मुंडावळ्या सुटून तीस-चाळीस वर्षे होतात, डोक्यावरचे केस जातात, मग दात जातात, तरी गृहस्थ आपला नवाच! त्याच मुहूर्तावर त्याच्या शेजारी उभी राहिलेली 'नवरी' मात्र मांडव उतरेपर्यंतसुद्धा नवरी राहत नाही. दुसऱ्या दिवशी ती 'बायको' होते. आणि 'बायको'चे अनेकवचन 'बायका', म्हणजे जगातल्या यच्चयावत स्त्रिया. पुरुषाला लग्नाने एक पदवी मिळते. स्त्रीला, ती स्त्री आहे एवढेच पुन्हा एकदा सांगितले जाते.

हे सगळे डोक्यात येण्याचे कारण माझी भाची. ती पुण्यात स्पॅनिश शिकवते. गेल्या उन्हाळ्यात ती आमच्याकडे चंद्रपूरला आली होती (आमच्याकडे उन्हाळ्यात येणाऱ्या माणसाचे आपल्यावर खरे प्रेम आहे असे खुशाल समजावे), आणि तिच्या वहीत एक धडा तयार होत होता : स्पॅनिश बोलणाऱ्या निरनिराळ्या देशांत नवऱ्याला आणि बायकोला काय काय म्हणतात. स्पेनमध्ये म्हणे सरळ 'मी मुहेर' म्हणतात. 'मी' म्हणजे माझी, 'मुहेर' म्हणजे बाई. लग्न लागले की जोडपे 'मारीदो इ मुहेर' होते. नवरा आणि बाई. आमच्या 'बायको'चीच ही सख्खी बहीण. पण अटलांटिक ओलांडून पलीकडे गेले की पुष्कळ ठिकाणी हे बोलणे आडदांड वाटते. तिथे 'एस्पोसा' म्हणायचे, नाहीतर 'सेन्योरा'. 'एस्पोसा' म्हणजे मुळात वचन दिलेली, वाग्दत्ता. शब्द मोठा गोड. मात्र त्याचे अनेकवचन 'एस्पोसास' याचा दुसरा अर्थ हातकड्या असा होतो. हे ऐकून माझी पत्नी जितकी हसली तितके हसण्यासारखे त्यात काही होते असे मला वाटले नाही.

तिथे वाग्दत्त वराला 'नोवियो' म्हणतात. त्याच्या मुळाशीही 'नवा' हाच अर्थ आहे. एकमेकींची ओळख नसलेल्या दोन भाषांना लग्नाच्या वेळी एकच गोष्ट सुचावी, याची मला मौज वाटली. पण खरी मौज पुढेच होती. मेक्सिकोत नवरा बायकोला लाडाने 'मी विएहा' म्हणतो, म्हणजे 'माझी म्हातारी'. तेच शब्द आर्जेंटिनात उच्चारले तर त्याचा अर्थ 'माझी आई' असा होतो!

मी तिला म्हटले, "बाई ग, एवढ्यासाठी समुद्र कशाला ओलांडायचा? नागपूर पुरे."

नागपूर-वऱ्हाडकडे पोरगे आपल्या बापाला 'बुढा' म्हणते आणि आईला 'बुढी'. बाप तिशीतला असला तरी. आणि तिकडची एखादी पिकली आजी नवऱ्यालाही 'बुढा'च म्हणते. कोकणातून आमच्या शाळेत आलेल्या एका शिक्षकाला पहिल्याच आठवड्यात एका मुलाने गैरहजेरीचे कारण सांगितले, "बुढा बिमार होता." गुरुजींनी "आजोबांना जप हो," म्हणून सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी ते 'आजोबा' सायकलवरून शाळेत आले, मिशीचा एक केस पांढरा नसलेले.

भाचीने वही पुढे ओढली. म्हणाली, "मामा, मग तुमच्या जंगलात नवराबायकोला काय काय म्हणतात, तेवढे सांगून टाका." सांगून टाकण्याइतके ते सोपे नव्हते. तिची वही पाच मिनिटांत भरली. माझे मन मात्र अजून त्यातच आहे.

मी मूळचा साताऱ्याकडचा. आमच्याकडे बायका नवऱ्याला 'धनी' म्हणत, 'मालक' म्हणत, कुणी 'कारभारी' म्हणत. माझी आई 'धनी' म्हणायची. वडिलांच्या मालकीची जमीन दीड एकर होती, तीही गहाण; पण 'धनी' म्हणताना आईच्या आवाजात दीडशे एकरांचा रुबाब असे. गावातल्या पांढरपेशा घरांत 'इकडून' आणि 'स्वारी' चाले. नवऱ्याचे नाव नाही, सर्वनाम नाही, नुसती दिशा! पुरुष मंडळी बायकोला चारचौघांत 'आमची मंडळी' म्हणत, 'कुटुंब' म्हणत, थोडे चेष्टेखोर असतील तर 'आमचं खटलं'. नीट पाहिले तर 'कुटुंब' आणि 'खटलं' दोन्ही नपुंसकलिंगी. सावंतवाडी-गोव्याकडे 'घोव' आणि 'बायल'. मला हे दोन शब्द फार आवडतात. त्यांत मालकी नाही आणि पांडित्यही नाही.

१९७७ साली मी मास्तर म्हणून चंद्रपूर जिल्ह्यात आलो. गावातले जुने लोक तेव्हाही 'चांदा'च म्हणत. जिल्हा अजून एकसंध होता. गडचिरोली वेगळी झाली ती २६ ऑगस्ट १९८२ रोजी. वैनगंगेच्या अंगाने धानाची झाडीपट्टी, पूर्वेला कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी, दक्षिणेला सिरोंचा-अहेरीकडे तेलुगू, भामरागडच्या डोंगरांत माडिया, आणि या सगळ्यांच्या मधून, खालून, वरून वाहणारी गोंडी. शिवाय १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित बंगाली कुटुंबांच्या वसाहती चामोर्शी-मुलचेऱ्याच्या बाजूला उभ्या राहिलेल्या. एका एस.टी.च्या गाडीत पाच भाषा बसत, आणि कंडक्टरला त्या सगळ्यांत सुटे पैसे मागता येत.

झाडीच्या बोलीत 'ळ'चा 'र' होतो. डोळ्याचा 'डोरा', काळ्याचा 'कारा'. 'ण' तर या बोलीला ठाऊकच नाही. साताऱ्याच्या माझ्या कानाला हे सगळे आधी गमतीचे वाटले. पण एक शब्द पहिल्या दिवसापासून गमतीचा वाटला नाही. शाळेच्या पटावर नाव घालायला आलेल्या एका बाईला मी मुलाच्या वडिलांविषयी विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आमचा मानूस जंगलात गेला जी, मोहफुलाले."

आमचा मानूस! धनी नव्हे, मालक नव्हे, कारभारी नव्हे. माणूस. हा शब्द काही तिकडचाच आहे असे नाही. 'माझा माणूस' इतरत्रही म्हणतात. पण तिने तो ज्या सरळपणाने म्हटला, तो सरळपणा मी आधी कुठे ऐकला नव्हता. 'घरवाला-घरवाली' तिकडे आहेच, जुन्या बायांच्या तोंडी बायकोला 'अस्तुरी' आहे, तो 'स्त्री'चाच घरगुती अवतार. आणि बोलण्यात कुठे कुठे दर्जाही लागतो : 'लग्नाची बायको', 'पाटाची बायको'. विधवेच्या किंवा सोडून आलेल्या बाईच्या दुसऱ्या लग्नाला 'पाट' म्हणत, कुठे 'मोहतूर'. पाटाच्या बायकोचा नवरा मात्र 'पाटाचा नवरा' होत असल्याचे मी क्वचितच ऐकले. तो नवराच. तो नेहमीचाच नवा!

ज्या वर्षी जिल्ह्याचे विभाजन झाले त्याच वर्षी माझे लग्न झाले. एकाने दोन भाग केले, दुसऱ्याने दोन भाग जोडले, असे आमचे हेडमास्तर म्हणायचे. लग्न त्यांनीच जमवले होते. मुलगी सिरोंच्याची, घरची भाषा तेलुगू, शिक्षण मराठीत. प्राणहितेच्या अलीकडे तिचे माहेर, पलीकडे तेव्हाचे आंध्र आणि २०१४ पासूनचे तेलंगण. लग्नानंतर महिन्याभराने माझी आई साताऱ्याहून आली. चार दिवस तिने सगळे मुकाट्याने पाहिले. पाचव्या दिवशी मला परसात गाठून हळूच विचारले, "आरं, ह्यो एमंडी कोन रं? सकाळधरनं सून त्येला हाका मारतीया, आन् ओ देतुयास तू!"

'एमंडी' म्हणजे तेलुगूतले 'अहो'. आईला हे सांगितले तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. मग तिला ती भाषा आवडू लागली. सुनेजवळ बसून तिने माहिती काढली. तेलुगू बाई नवऱ्याला 'मा आयन' म्हणते, म्हणजे आमचे ते. नवरा बायकोला 'मा आविड', आमच्या त्या. हे आईला एकदम घरचे वाटले. 'मोगुडु' आणि 'पेळ्ळाम' हे तिकडचे रोकडे शब्द. भांडणात आणि बाजारात चालतात, सभ्य बैठकीत जरा खरखरतात. पण माझ्या आईने ज्या शब्दावर बोट ठेवले तो तिसराच होता. तेलुगूत जोडप्याला 'आलुमगलु' म्हणतात, 'आलु' म्हणजे बायको. संस्कृत वळणाने बोलायचे तर 'भार्याभर्तलु'. दोन्ही वेळा बायको आधी! "आपल्यात नवरा-बायको, त्यांच्यात बायको-नवरा," आई म्हणाली, आणि वर, "शानी मानसं दिसत्यात."

फार शहाणी म्हणू नये. त्याच तेलुगूत एकवचनी 'ती'ला आणि 'ते'ला, म्हणजे बाईला आणि बैलगाडीला, साध्या बोलण्यात एकच सर्वनाम आहे : 'अदि'. गोंडीही त्याच द्राविडी कुळातली; तिचेही व्याकरण पुरुष एका बाजूला ठेवते आणि एकटी बाई, जनावर आणि वस्तू दुसऱ्या बाजूला. गोंडीत बायकोला 'मुत्ते' म्हणतात. व्याकरणात तिला कुठे बसवले आहे हे तिला ठाऊक नसते, आणि असते तरी तिने त्याची पर्वा केली असती असे, मी पाहिलेल्या गोंड बायांवरून, मला वाटत नाही.

मुलचेऱ्याकडच्या बंगाली वसाहतीत माझे एक शिक्षकमित्र होते. त्यांच्या घरी नवरा 'कर्ता' आणि बायको 'गिन्नी'. 'गिन्नी' हे 'गृहिणी'चे झिजलेले रूप. नाणे वापरून गुळगुळीत व्हावे तसे. हाक मारायची तर 'ओगो'. ज्यांची घरेच मागे राहिली त्या लोकांनी 'कर्ता' आणि 'गृहिणी' हे शब्द मात्र बरोबर आणले होते. पूर्वेकडे छत्तीसगढी मुलखात 'डौका-डौकी' आणि जरा मानाने बोलायचे तर 'गोसइया-गोसाइन'. स्वामी आणि स्वामिनी. हे मला बरे वाटले. निदान स्वामित्व दोघांत वाटलेले आहे.

तसे पाहिले तर आपले सगळे भारदस्त शब्द मालकीचे नाहीतर पोटाचे आहेत. 'पती' म्हणजे धनी. 'भर्ता' म्हणजे पोसणारा, आणि 'भार्या' म्हणजे जिला पोसावे लागते ती. संस्कृताने दोघांची नावे एकाच धातूपासून केली, पण घास कोणाच्या हातात आणि तोंड कोणाचे, हे ठरवून टाकले. एकनाथांच्या भारुडात जो 'दादला' आहे, तो काही पोसणारा वाटत नाही. पण ते भारूड आहे. त्याला कोणी शब्दकोशात प्रमाण मानत नाही.

हे पोसणाऱ्याचे आणि पोसलेलीचे कोष्टक चांद्याच्या मातीत नीट बसत नाही. चंद्रपुरात झरपट नदीच्या काठी, अंचलेश्वराजवळ, गोंड राजा बीरशहाची समाधी आहे. ती बांधली राणी हिराईने, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला. नवऱ्याच्या मागे राज्य तिने सांभाळले, महाकालीचे देऊळ बांधले, आणि नवऱ्यासाठी अशी इमारत उभी केली की पाहणाऱ्याने मान वर करावी. बादशहाने बेगमेसाठी बांधलेला ताजमहाल सगळ्या जगाला ठाऊक आहे. राणीने राजासाठी बांधलेली समाधी पाहायला मी पाहुण्यांना हट्टाने नेतो. भाचीलाही नेले. ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि उन्हाळ्यात चंद्रपूरला दुपारी कोणी उन्हात गप्प उभे राहिले तर ते कौतुकच समजायचे.

पण राणीची गोष्ट राणीपाशी. खरा प्रकार पाहायचा असेल तर पावसाळ्यात झाडीपट्टीत यावे. धानाच्या बांध्या पाण्याने भरलेल्या असतात. चिखलणी पुरुष करतो, बैलामागून. तो मान ताठ ठेवून चालतो. मग रोवणी येते, आणि रोवणी बायांची. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत कमरेत वाकून, गुडघाभर चिखलात, एकेक रोप. डोक्यावर पाऊस, नाहीतर पावसाहून वाईट ते ढगाळ ऊन. निंदण त्यांचेच, कापणीला त्याच पुढे. भात ताटात येतो तो असा. 'भार्या' हा शब्द ज्याने बनवला त्याने रोवणी पाहिलेली नसावी.

आता मला जे सांगायचे आहे ते इथून सुरू होते.

२००६ साली वनहक्कांचा कायदा झाला आणि १ जानेवारी २००८ पासून त्याचे नियम लागू झाले. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जे आदिवासी कुटुंब जंगलाची जमीन कसत होते, त्याला त्या जमिनीचा हक्क मिळणार होता. जास्तीत जास्त चार हेक्टर. ती विकता येणार नाही, पण मुलाबाळांना मिळेल. सामूहिक हक्काची गोष्ट वेगळी. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा आपला हक्क मिळवला आणि त्याचे नाव देशभर झाले. मी सांगतो आहे ते एकेका घराच्या दाव्याचे. त्या कायद्यात एक कलम आहे, चौथ्याचे चौथे पोटकलम. ते सांगते की, दावेदार विवाहित असेल तर हक्क नवरा आणि बायको दोघांच्या नावाने संयुक्त नोंदवावा. अर्जातच पहिल्या ओळीत दावेदाराचे नाव आणि दुसऱ्या ओळीत पती किंवा पत्नीचे.

आमच्या शाळेच्या गावी ग्रामसभा भरली तेव्हा अक्षर बरे असणारी माणसे अर्ज लिहायला हवी होती. मास्तरला कोण सोडतो? मी, ग्रामसेवक आणि बारावी झालेली दोन पोरे, असे चौघे शाळेच्या वऱ्हांड्यात सतरंजीवर बसलो. पुढे रांग. पहिल्या दहा मिनिटांत कळून आले की, पहिल्या दोन ओळीच सगळ्यांत अवघड आहेत.

पहिलीच बाई आली. तिचा नवरा तापाने घरी पडलेला.

"नवऱ्याचं नाव सांगा."

"नाव नाही घेत जी."

"कागदात लिहायचं आहे, बाई."

"तं लिहा ना तुमी. मी कोटी नाही म्हनते?"

नवऱ्याचे नाव ओठांवर आणायचे नाही, ही रीत आपल्या सगळ्यांकडेच होती. म्हणून तर उखाणे झाले; सरळ घ्यायचे नाही ते नाव यमकाच्या गर्दीतून लपवून न्यायचे. तेलुगू लग्नातही वधूवरांना उंबऱ्यावर अडवून एकमेकांचे नाव घ्यायला लावतात; माझे लग्न त्यात वीस मिनिटे खोळंबले होते. पण या बाईंची निष्ठा त्याहून कडक. तिच्या नवऱ्याचे नाव आठवड्याच्या एका वारावरून ठेवलेले. नेमका त्याच दिवशी तिथला बाजार. ती त्या वाराचेही नाव घेत नसे. 'ऐतवाराच्या दुसऱ्या दिवशी' म्हणे. रांगेतल्या बायांनी हे आम्हाला हसत हसत सांगितले, आणि त्यांतल्या एकीने तिच्या वतीने तो वार मोठ्याने उच्चारून टाकला. बाईने पदर तोंडावर घेतला. मी अर्ज पुरा केला.

तासाभराने एक जोडपे आले. पुरुष पन्नाशीचा, हडकुळा, बोलायला कमी. बाई त्याच्या मागे दोन पावलांवर. पहिली ओळ लिहून झाली. ग्रामसेवक नवीन होता, मनाने वाईट नव्हता. त्याने विचारले, "ही कोण?"

"घरची," पुरुष म्हणाला.

"लग्न कधी झालं?"

पुरुष गप्प. रांगेतून कोणीतरी सांगितले की, लग्न झाले नाही. गावजेवण द्यायला कधी पैसा जमला नाही. बाई वीस-बावीस वर्षांमागे त्याच्या घरी आली ती राहिली. तिकडे अशी घरे नवलाची नाहीत. पुष्कळदा लग्नाचा विधी मुलांच्या मुंजीच्या वयात होतो, कधी कधी होतच नाही. गावाच्या लेखी ते घर असते, चूल असते, आणि कोणी त्याविषयी बोलत नाही. पण कायद्यात शब्द होता 'विवाहित'. ग्रामसेवकाची लेखणी त्या शब्दावर अडली. म्हणाला, "मग ही पत्नी म्हणून कशी लिहू? वर तपासणीत अडकलं तर दोघांचंही जाईल."

वऱ्हांड्यात शांतता पसरली. ती बाई जमिनीकडे पाहत होती. मी आयुष्यभर शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहून दिले. एका शब्दाच्या अर्थावर कुणाचे शेत तोललेले मी त्या दिवशी प्रथम पाहिले. अर्ज मागे गेला असता तर तिच्या हातात काय राहणार होते? 'घरची' हा शब्द. घर ज्याचे त्याचे, ती घरची.

वनहक्क समितीतला एक म्हातारा खांबाला टेकून बसला होता. तो उठला नाही. बसल्या जागेवरून ग्रामसेवकाला म्हणाला, "सायेब, त्या बांदीत वीस वर्सं रोवना कोनं केला, ते लिहा. मंग लगन केलं का नाही, ते लिहा."

ग्रामसेवक म्हणाला, "असं लिहायला जागा नाही, बाबा."

"जागा नाही तं गावाले विचारा. गाव बसला आहे."

आणि खरेच, कायद्याप्रमाणे दाव्याची पहिली छाननी ग्रामसभेचीच होती. गावाला विचारले. हात वर झाले. पुरुषांचे आधी थोडे रेंगाळत, बायांचे एकदम. एक बाई उभी राहून म्हणाली की, मागल्या साली हिच्या पोरीचे लग्न सगळ्या गावाने जेवून लावले. मग पोरीची माय बायको नव्हे तर कोण? यावर ग्रामसेवकाकडे उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर त्यालाही ते नको होते. चेहऱ्यावरून तो सुटल्यासारखा दिसला. म्हणाला, "बरं, नाव सांगा पत्नीचं."

आता अडला तो नवरा. बाईने नवऱ्याचे नाव घ्यायचे नसते हे आपण बोलतो. पुरुषही बायकोचे नाव घेत नाही याकडे आपले लक्ष जात नाही. बावीस वर्षे तो तिला 'अवो' म्हणत होता, नाहीतर मोठ्या पोरीचे नाव घेऊन 'तिची माय'. गावही तिला तेच म्हणत होते. त्याने एकदा तिच्याकडे पाहिले. मग सतरंजीकडे पाहत, खालच्या आवाजात, वर्गात उभ्या केलेल्या पोराने उत्तर सांगावे तसे त्याने तिचे नाव सांगितले.

बाया हसल्या. त्यांच्यातल्या कितीतरी जणींनी ते नाव त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले होते. ती बाई हसली नाही, लाजलीही नाही. तिने मान वर करून मी काय लिहितो ते पाहिले. तिला अक्षर येत नव्हते, तरी पाहिले. ते नाव मी या अंकात छापणार नाही. ते तिच्या कागदावर आहे, तिथेच बरे.

माझ्या भाचीला मी हे सांगितले तेव्हा तिने विचारले, "मग मामा, वहीत काय लिहू? गडचिरोलीत बायकोला काय म्हणतात?" मी तिला 'घरवाली' लिहायला सांगितले, 'मुत्ते' लिहायला सांगितले, 'पेळ्ळाम', 'डौकी', 'गिन्नी' सगळे लिहून घ्यायला सांगितले. धड्याला तेवढे पुष्कळ झाले. हल्ली गावोगाव 'मिस्टर' आणि 'मिसेस' पोचले आहेत. दिवाळीनंतर मंडईत झाडीपट्टीची नाटके सुरू होतात, रात्रभर चालतात, त्यांत नायिका नायकाला 'नाथ' म्हणते, आणि समोर चटईवर बसलेली बाई शेजारणीला म्हणते, "आमचा मानूस पान खायले गेला तो आलाच नाही अजून." तिला दोन्ही भाषा कळतात.

मी २०१२ मध्ये निवृत्त झालो. त्यानंतर एकदा त्या गावी गेलो होतो, असाच दिवाळीच्या सुमारास. धानाचा चुरणा चालला होता आणि रस्त्यावर तणसाचा वास होता. त्या घरी चहाला बसलो. माणूस खळ्यावर होता. चहा झाल्यावर बाईने आढ्याला टांगलेली प्लास्टिकची पिशवी काढली, तिच्यातून दुसरी पिशवी, तिच्यातून वर्तमानपत्राची घडी, आणि त्या घडीतून पट्टा. माझ्यासमोर धरून तिने दुसऱ्या ओळीखाली बोट ठेवले; नेमके, एक अक्षर इकडे नाही की तिकडे नाही.

"हे माजा," ती म्हणाली.

मी वरच्या ओळीवर बोट ठेवले. "आणि हे कोणाचं?"

ती कागद पुन्हा घडी करू लागली. म्हणाली, "गुर्जी, तुमाले तं वाचता येते ना?"